ठेंगण्या गाडीचे टायर

एकदा एक तर्कशास्त्राचा विद्यार्थी होता आणि त्याच्याकडे एक ठेंगणी मोटार होती. मोटार जन्मतः ठेंगणी नव्हती. नोकरी लागली त्या वर्षी त्याने हौसेने तिच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या, रुंद चकचकीत रिमा चढवल्या आणि गाडी जमिनीलगत आणली. ती दिसायला डौलदार झाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र तेव्हापासून गावातला प्रत्येक गतिरोधक तिरका ओलांडावा लागू लागला, आणि तिच्या चाकांना जो टायर लागतो तो तालुक्यात सहजी मिळेनासा झाला. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असते, फक्त ते उशिरा मागितले जाते.

हा विद्यार्थी एका वृद्ध पंडितांकडे तर्कशास्त्र शिकायला जात असे. त्या शास्त्रात संशयाला मानाचे स्थान आहे. दूरवर अंधुक दिसते ते खोड की माणूस, असा प्रश्न मनात उठल्याशिवाय ज्ञानाचा प्रवास सुरूच होत नाही, असे गुरूंनी पहिल्या काही पाठांत सांगितले होते. शिष्याला हा भाग फार आवडला, आणि तो तिथेच मुक्कामाला राहिला. पुढे तपासणी, पुरावा, निर्णय अशा पायऱ्या येतात, त्यांचे त्याला फारसे आकर्षण नव्हते. दूधवाला आपण होऊन नमस्कार करतो, तेव्हा दुधात काहीतरी असणार. शेजाऱ्याने पुरणपोळी पाठवली, तेव्हा त्याला जिना वापरायला हवा असणार. कुणी वाद घातला तर तो लबाड, आणि वाद न घालता मान डोलावली तर महालबाड. अशा रीतीने जगात आपल्याला कुणी फसवू शकत नाही याचे त्याला मोठे समाधान होते. गुरुजी हे सारे ऐकत आणि मिशीतल्या मिशीत हसत. त्या हसण्याचाही शिष्याला अधूनमधून संशय येई.

त्याची धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ आता चांगले मान धरू लागले होते, आणि तिला सासरी पोहोचवण्याचा दिवस ठरला होता. सासर घाटापलीकडे. तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितले की हवी तर मी गाडी पाठवतो. शिष्याला त्यात टोमणा ऐकू आला. माझा भाचा मामाच्याच गाडीतून येईल, असे त्याने ठणकावून सांगितले आणि फोन ठेवला. मग तो अंगणात आला, गाडीभोवती फिरला, आणि तिचे चारही टायर गुळगुळीत झालेले त्याने प्रथमच नीट पाहिले.

एकटा असता तर तो त्याच टायरांवर घाट चढून गेला असता. त्या वयात माणूस स्वतःच्या जिवाबद्दल फार उदार असतो. पण मागच्या सीटवर बहिणीच्या मांडीवर ते बाळ असणार होते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि ती एकामागून एक येणारी वळणे त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याला भाच्याचा फार लळा लागला होता. तो लगेच टायर घ्यायला निघाला.

गावातल्या मोठ्या टायरवाल्याचे दुकान नाक्यावर होते. हा व्यापारी स्थूल, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि हसण्याच्या बाबतीत काटकसरी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मोठ्या कष्टाने खाली वाकून जुन्या टायरवरचा मापाचा नंबर वाचला, आणि माल काढण्याऐवजी चौकशी सुरू केली. गाडी इतकी खाली कुणी घेतली, मागे किती माणसे बसणार, सामान किती, रस्ता कोणता, असे एकामागून एक प्रश्न. शिष्य तत्काळ सावध झाला. गिऱ्हाईक किती अडलेले आहे हे काढून घेण्याची ही जुनी रीत, हे त्याने ओळखले. बहीण, बाळ, घाट यातले एक अक्षरही त्याने तोंडातून काढले नाही. जरा बाहेरगावी जायचे आहे, एवढेच म्हणाला, आणि आपण किती शिताफीने निसटलो याचा त्याला आनंद झाला.

व्यापारी आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि कागदात गुंडाळलेले चार टायर बाहेर घेऊन आला. तंतोतंत याच गाडीचा नंबर, असे त्याने सांगितले. एका गिऱ्हाइकाने मुद्दाम मागवले होते, पण टायर येईपर्यंत त्याने गाडीच विकली, तेव्हापासून हे इथे पडून आहेत. हेच घ्या, असे तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, हेच घ्या.

शिष्याने ते टायर हातात घेतले नाहीत. वाकून त्याने फक्त कडेवरचे बारीक आकडे वाचले. टायर कधी तयार झाला हे त्या आकड्यांवरून कळते, एवढे त्याला ठाऊक होते. माल गेल्या वर्षीचा होता. झाले. त्याच्या मनात अनुमानाची चाके भराभर फिरू लागली. या नंबरची गाडी पंचक्रोशीत बहुधा आपली एकटीच. म्हणजे हा माल दुसरे कुणी घेणार नाही. म्हणजे हा मनुष्य वर्षभर आपल्यासारख्या एखाद्या बकऱ्याची वाट पाहत बसला आहे. म्हणूनच अंधारी खोली, म्हणूनच तो कागद, म्हणूनच ते दोनदा 'हेच घ्या'.

बाहेरच्या फळीवर दुसरे टायर मांडलेले होते. नवेकोरे, रबराचा वास ताजा, नंबर किंचित मोठा, पण रिमचे माप तेच. शिष्याने त्यांच्याकडे बोट केले. व्यापाऱ्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मान हलवली. रिमला ते बसतील, पण तुमची गाडी खाली आहे, हे उंचीला जास्त पडतील, माझे ऐका, असे तो म्हणाला. 'माझं ऐका' हे शब्द कानावर पडताच शिष्याचा निर्णय पक्का झाला. ज्याला माल खपवायचा असतो तोच असे म्हणतो. त्याने बाहेरचेच टायर बसवायला सांगितले.

व्यापाऱ्याने वाद घातला नाही. तुमची गाडी, तुमची मर्जी, असे म्हणून त्याने जॅक लावला. निघताना एवढेच सांगितले, की फार फिरवू नका, पटले नाही तर उद्या आणा, बदलून देईन. या उदारपणामागे काय असावे, याचा विचार करत शिष्य बाहेर पडला. त्याने गाडीतून एकट्याने गावाला एक वळसा घातला. कुठे आवाज नाही, कुठे अडकणे नाही. चाके लोण्यासारखी फिरत होती. व्यापाऱ्याचे सगळे बोलणे खोटे ठरले होते, आणि शिष्याला ही गोष्ट कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना. तो थेट गुरूंच्या दारात जाऊन उभा राहिला.

गुरुजी अंगणात पाटावर बसून कुंड्यांना गेरू लावत होते. शिष्याने सगळी हकीगत सांगितली. व्यापाऱ्याचे प्रश्न, ती अंधारी खोली, तो गेल्या वर्षीचा माल, आणि आपण तो डाव कसा उधळला, हे रंगवून सांगितले. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की टायर कसे आहेत?

शिष्याने सांगितले की व्यापारी आपल्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

"ते व्यापाऱ्याचं झालं," गुरुजी म्हणाले. "टायर कसे आहेत?"

शिष्य म्हणाला की त्याने शेवटी घाईघाईने माल बदलून देण्याचे कबूल केले, यातच सगळे आले. गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारले नाही. त्यांनी गेरूचे भांडे उचलले, कुंचला घेतला, आणि गुडघ्यावर हात टेकत ते गाडीपाशी गेले. खाली बसून त्यांनी चाकावरच्या मडगार्डाच्या आतल्या बाजूला गेरू फासायला सुरुवात केली. एक चाक झाले, दुसरे झाले. चारही मडगार्डे आतून लालभडक झाली, आणि गुरुजींच्या धोतराच्या काठालाही प्रसाद मिळाला.

शिष्य बघतच राहिला. वय झाले की माणसाचे असे होते, हा पहिला विचार त्याच्या मनात आला. दुसरा विचार असा, की ही काहीतरी ग्रहशांती असावी. पण आयुष्यभर तर्क शिकवलेल्या माणसाने चाकांची शांती करावी हे काही पटेना. त्याने विचारले तर गुरुजी म्हणाले, की गेरू वाळू दे, मग तुझ्या घरी जाऊ.

घरी पोहोचल्यावर गुरुजींनी शिष्याच्या आईला सांगितले, की लेकीबरोबर जे जे पाठवणार आहात ते सगळे गाडीत भरा. आईला नवल वाटले, पण वृद्ध माणसाला कारण विचारण्याची तिची पद्धत नव्हती. पाळणा आला, गोधड्या आल्या, डिंकाच्या लाडवांचा डबा आला, आणि आईने लेकीच्या लग्नापासून जपून ठेवलेली लोखंडी पेटीही आली. पेटीत काय होते ते विचारू नये. माहेरच्या पेटीत सगळेच असते. बाळाला शेजारणीकडे दिले. बहीण मागे बसली, आई मागे बसली, आणि गुरुजी स्वतः पुढे बसले. गाडी आधीच ठेंगणी, ती आणखी खाली बसली.

"चल," गुरुजी म्हणाले. "शाळेवरून फिरवून आण. गतिरोधकावरून ने आणि देवळाच्या कोपऱ्यावर स्टीअरिंग पुरतं वळव."

शाळेपुढच्या गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज आला. शिष्य म्हणाला, खडी असेल. देवळाच्या कोपऱ्यावर पुन्हा तोच आवाज आला, या वेळी पुढून.  घरापाशी गाडी थांबल्यावर सगळे उतरले आणि गुरुजींनी शिष्याला मडगार्डाच्या आत पाहायला सांगितले. त्याने वाकून पाहिले. मागच्या दोन्ही मडगार्डांतला गेरू तळहाताएवढा खरवडून गेला होता, आणि नव्याकोऱ्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेला, लाल पट्टा उमटला होता. पुढच्या चाकांचीही तीच तऱ्हा.

आईला त्यातले काही कळले नाही. बहिणीला मात्र कळले. तिने दादाकडे पाहिले, शेजारणीच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिले, आणि त्याला आपल्याकडे घेतले. वळणावळणाच्या घाटात, भरल्या गाडीत, तो टायर तासभर पत्र्यावर घासत राहिला असता तर काय झाले असते, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. शिष्याच्या कपाळावर घाम आला.

इथे दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. आपला शिष्य पण कसलेला. घाम पुसता पुसताच त्याच्या मनात आले, की व्यापाऱ्याने जे सांगितले तेच गुरुजींनी नेमके कसे सिद्ध केले? गेरूच कसा हाताशी होता? कुठे पाहायचे हे त्यांना इतके अचूक कसे ठाऊक? एकदा का ही माळ सुरू झाली की तिला मेरुमणी लागत नाही. गुरुजी म्हणाले, की चल, दुकानात जाऊ. ते तसे म्हणाले याचेही त्याने मनात टाचण करून ठेवले.

दुकानात पाऊल ठेवताच व्यापारी उठून उभा राहिला. त्याने गुरुजींना खुर्ची दिली आणि समोरच्या टपरीकडे पाहून हाक मारली, की गुरुजींचा नेहमीचा, बिनसाखरेचा पाठव.

नेहमीचा! शिष्याच्या डोक्यात घण पडला. म्हणजे हे दोघे जुने ओळखीचे. म्हणजे गेरू, गतिरोधक, सगळे ठरलेले. ज्या माणसापाशी आपण सत्य कसे ओळखावे हे शिकतो आहोत, तोच एका टायरवाल्याच्या चहावर विकला गेला, या विचाराने त्याला खरोखर दुःख झाले. व्यापाऱ्याचा त्याला राग आला होता; गुरुजींचा राग येईना, नुसते पोरके वाटू लागले. आणि त्या दुःखातच तो बोलून गेला.

"गुरुजी, स्पष्ट विचारतो. तुमचं आणि यांचं काही ठरलंय का?"

व्यापाऱ्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. गुरुजींनी चहाची वाट पाहत असल्यासारखे रस्त्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"बरं झालं विचारलंस," ते म्हणाले. "इतके दिवस तू नुसता मनात ठेवत होतास. आता यालाही एक विचार. ते आतले टायर याला खपवायचे आहेत का?"

 व्यापाऱ्यानेच उत्तर दिले.

"खपवायचेच आहेत की. वर्षभर जागा अडवून बसलेत. दुकान कशाला मांडलंय मी?"

"ऐकलंस?" गुरुजी म्हणाले. "म्हणजे तुझा संशय खोटा नव्हता. याचा स्वार्थ आहे आणि तो हा कबूलही करतो. आता पुढचं तू काय ठरवलंस? याला विकायचे आहेत, म्हणून ते टायर वाईट. हे कुठून आणलंस बाबा? धुरावरून अग्नी ओळखावा, हे मी शिकवलं. स्वार्थावरून रबर ओळखावं, असं कधी शिकवलं? याचा लोभ याच्यापाशी राहतो. तो टायरमध्ये उतरत नाही."

 टपरीवरून चहा आला होता. गुरुजींनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"आणि तुला वाटतं, तू कुणाचं ऐकत नाहीस. आज तू दिवसभर याचंच ऐकलंस. यानं आतले घ्या म्हटलं, म्हणून तू बाहेरचे घेतलेस. भोळा माणूस बोटाच्या दिशेनं जातो, तू बोटाच्या उलट दिशेनं गेलास. दोघांचीही नजर बोटावरच. टायरकडे बघायचं कुणी? यानं विचारलं, मागं किती माणसं, रस्ता कोणता. ती गोष्ट सांगण्यासारखी होती. ती तू लपवलीस, कारण विचारणाऱ्याचा तुला संशय होता. रिकाम्या गाडीतून एकटा फिरून आलास आणि जिंकलास. घाट काय रिकाम्या गाडीनं चढायचा होता?"

शिष्याला बहिणीने बाळाला उचलून घेतले तो क्षण आठवला. त्याची मान खाली गेली. तरी एक काटा अजून निघाला नव्हता, आणि तो न निघता शिकणे व्यर्थ होते. त्याने हळूच विचारले, की तुमच्याविषयी मी काय समजावे?

गुरुजी आता मोकळेपणाने हसले.

"मी इथं चहा पितो, हे खरं. एवढ्यावरून मी लबाड ठरत नाही, आणि तुला शिकवतो म्हणून साधूही ठरत नाही. ते तू सावकाश ठरव, घाई नाही. पण समज, मी लबाड आहे. तरी मडगार्डाला घासलेला टायर घासलेलाच राहतो. म्हणून तर गेरू फासला. माझ्या शब्दावर तुला जावं लागू नये म्हणून."

मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि आतले टायर बाहेर उन्हात आणायला सांगितले. व्यापाऱ्याला वाटले, आता काम झाले. पण गुरुजी पुन्हा जमिनीवर बसले. त्यांनी शिष्याला शेजारी बसवले आणि एकेक टायर फिरवून कडेला बारीक भेगा पडल्या आहेत का ते बोटांनी चाचपायला लावले. एकावर पांढुरका थर दिसला. तो ओल्या फडक्याने पुसून घेतला, तेव्हा खाली रबर काळेभोर निघाले. तारीख गेल्या वर्षीची होती हे खरेच होते, पण अंधारात, कागदात गुंडाळून ठेवल्यामुळे टायर उन्हाने कडक झालेले नव्हते. हे सगळे होईपर्यंत व्यापारी चुळबुळत होता. शेवटी त्याला राहवले नाही.

"गुरुजी, इतक्या वर्षांची ओळख. माझ्यावर विश्वास नाही होय?"

"तुझ्यावर आहे का नाही, हे अजून मलाच कळलं नाही," गुरुजी म्हणाले. "टायरवर विश्वास बसला की सांगतो."

व्यापारी प्रथमच हसला. त्याने टायर बदलून दिले. घरी मडगार्डांना नव्याने गेरू लागला. पुन्हा आई, पुन्हा बहीण, पुन्हा पाळणा आणि पेटी, पुन्हा शाळेपुढचा गतिरोधक. या खेपेला आवाज आला नाही. परत येऊन शिष्य गुरूंच्या आधी खाली वाकला. देवळाच्या कोपऱ्यावर पुरते वळण घेऊनही पुढचा गेरू जसाच्या तसा होता. मागे मात्र एका बाजूला दोऱ्याएवढी बारीक रेघ उमटली होती. दाखवली नसती तर कुणाला दिसलीही नसती. गुरुजी तर अजून गाडीतून उतरत होते. शिष्यानेच ती दाखवली.

गुरुजींनी ती पाहिली आणि आईकडे वळून म्हणाले, की घाटातले धक्के गावातल्यापेक्षा मोठे, तेव्हा गाडीत तुम्ही-आम्ही नसलो तरी पेटी एसटीने पाठवावी लागेल. आईला वाईट वाटले. लेक सासरी जाताना पेटीशिवाय जाते हे तिला बरे दिसेना. तिने मुलाकडे पाहिले, की हा तरी काही म्हणेल. मुलाने पेटी उतरवून ओसरीवर ठेवली आणि आईला जवळ बसवून, गाडी आपणच हौसेने खाली घेतल्यामुळे ती इतके ओझे पेलू शकत नाही, हे सरळ सांगितले. त्या घरात त्याने आपली चूक कबूल केल्याचे ते पहिलेच उदाहरण होते, त्यामुळे आई पेटीचे दुःख जवळजवळ विसरली.

पेटीशिवाय पुन्हा एक फेरी झाली. गेरूला धक्का लागला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी बहिणीला घेऊन शिष्य निघाला. बाळ तिच्या मांडीवर झोपले होते. घाट सुरू झाला, पहिली काही वळणे नीट गेली, आणि मग एका चढावर गाडीखालून खरखर असा आवाज येऊ लागला. थोडा थांबला, पुन्हा आला.  सगळी जुनी मंडळी त्याच्या मनात एका क्षणात हजर झाली. व्यापाऱ्याने टायर बसवताना काहीतरी केले. चहाचा पेला. गुरुजींचे ते मोकळे हसणे. संशय माणसाला सोडून जात नाही. तो फक्त शिस्तीला लागतो, लागला तर.

त्याने रस्ता रुंद होता तिथे गाडी कड्याच्या बाजूला घेतली. मागून बहिणीने घाबरून विचारले.

"काय झालं रे दादा? फसवलं का कुणी?"

"माहीत नाही अजून," तो म्हणाला. "थांब, खाली उतरून बघतो."

तो उतरला. त्याने चारही मडगार्डांत हात घालून पाहिले. रबर कुठे घासले नव्हते, तापले नव्हते. मग तो रस्त्यावर आडवा झाला, नवा सदरा घातलेला असतानाही झाला, आणि गाडीच्या पोटाखाली डोकावला. एक वाळकी फांदी तिथे अडकून रस्त्यावर फरफटत होती. दुसरी कुठलीही गाडी तिच्यावरून सहज निघून गेली असती. त्याने ती ओढून काढली, क्षणभर हातात धरली, आणि आपण आखूड केलेल्या त्या स्प्रिंगांकडे पाहून त्याला हसू आले. सदऱ्याची धूळ झटकून तो परत आत बसला. बाळ जागे झाले होते आणि मामाकडे टकामका पाहत होते.

संशय आला तर येऊ द्यावा, त्याला हाकलू नये. मात्र कुणाचे नाव घेण्याआधी एकदा खाली उतरावे.